विमानातली चौथी जागा

होळी मागे पडली की गोंदियाजवळ कुडव्याच्या आमच्या घराभोवती सकाळी मोहाचा वास येतो. इथे मोहाचं झाड एकही नाही. घरं आहेत, दुकानं आहेत, दुचाक्यांची ये-जा आहे. पण शेजारच्या सूनबाईंच्या माहेराहून पोतंभर फुलं येतात आणि त्यांच्या गच्चीवर वाळत पडतात. गोड, जड, थोडा आंबूस असा तो वास. सवय नसलेल्याचं डोकं दुखतं. मला सवय आहे, तरी मी खिडकी लावून घेतो.

नेमकं त्याच दिवसांत आकाश स्वच्छ असतं आणि बिरसीच्या विमानतळावर उतरणारं विमान आमच्या डोक्यावरून अगदी जवळून जातं. नातसून पोराला कडेवर घेऊन अंगणात धावते, ‘बघ बघ’ करते. मी आत जातो. घरच्यांनी याचं कारण ठरवून टाकलं आहे : आजोबांच्या कानातल्या यंत्राला तो आवाज सोसत नाही. मीही ते कधी खोडून काढलं नाही. नव्वदीला टेकलेल्या माणसाला अशी आयती कारणं बरी पडतात.

नातू पर्यटनाच्या धंद्यात आहे. बाहेरदेशचे पाहुणे आणतो, त्यांना जंगल दाखवतो. त्याची रडगाणी मी रोज जेवताना ऐकतो. विमान रद्द झालं, पाहुणे मुंबईत अडकले, चार दिवसांची सहल दोन दिवसांवर आली. ‘‘आजोबा, दोन दिवसांत वाघ दिसलाच पाहिजे त्यांना. नाही दिसला तर घरी जाऊन वाईट लिहितात. आणि परतीचं विमान काही कोणासाठी थांबत नाही.’’ मी वरणात भात कालवत ‘हं’ म्हणतो. त्याला वाटतं, म्हाताऱ्याला यातलं काही कळत नाही.

मार्च-एप्रिलच्या वर्तमानपत्रात एकाच पानावर दोन बातम्या असतात. वर फोटोसकट : सफारीला पाहुण्यांची गर्दी. खाली, दोन बोटं जागेत : मोह वेचायला गेलेली महिला वाघाच्या हल्ल्यात ठार. तिचं नाव असतं, गावाचं नाव असतं. मी ते नाव दोनदा वाचतो आणि मग चष्मा काढून ठेवतो. दुसरं काय करणार?

ही गोष्ट सत्तावन्न सालची. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता, आम्ही भंडाऱ्यात. आदल्या दिवाळीच्या सुमाराला आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलो होतो. म्हणजे शाळेच्या दप्तरावरचं राज्याचं नाव बदललं होतं, बाकी सगळं होतं तसंच. केशोरीच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका गावी मी एकुलता एक मास्तर होतो. वय बावीस. मॅट्रिक पास. इंग्रजी बऱ्यापैकी बोलता येतं म्हणून स्वतःवर भलताच खूश. माझ्याआधी तिथे आलेले तीन मास्तर एकेक पावसाळा काढून पळाले होते. मी टिकलो याचंही मला कौतुक होतं.

नागपूरची एक शिकार कंपनी दर उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्या बाजूच्या जंगलात तळ टाकायची. तंबू, खुर्च्या, बर्फाची पेटी, सगळं जीपमधून यायचं. पाहुणे यायचे थेट अमेरिकेहून, विमानानं. त्यांना पंधरा दिवसांत हमखास वाघ, असा कंपनीचा वायदा असायचा. आता वाघानं असल्या वायद्यावर सही केलेली नसते, पण ते कंपनीला कोण सांगणार? त्या वर्षी शाळेला होळीची लांब सुटी होती आणि मॅनेजर दुभाष्या शोधत आला. मी एका पायावर तयार झालो.

पाहुणे होते नवरा-बायको. साहेब साठी उलटलेला, उंच, खांद्यात वाकलेला. त्याच्या देशात मक्याची शेती करायचा. त्यामुळे आमच्याकडच्या धानाबद्दल सारखं विचारायचा, बांध कसे घालता, रोवणी कोण करतं. मडम गोड बाई. एका वहीत पानाफुलांची चित्रं काढायची. मोहाचं ताजं फूल तिनं तोंडात टाकलं आणि डोळे मोठे केले ते मला अजून दिसतात. हे सांगायचं कारण, पुढे जे झालं त्यात या दोघांचा दोष मी शोधून पाहिला. वर्षानुवर्षं शोधला. सापडला असता तर मला फार बरं वाटलं असतं.

जंगलातला माग काढायला कंपनीकडे बुधराम होता. चाळिशीचा गोंड माणूस, बोलणं मोजकं. तो वाघाचं नाव घेत नसे, ‘मोठा’ म्हणायचा. सुकलेल्या नाल्यात वाकून पाहायचा आणि सांगायचा, ‘‘मोठा काल सांजेले गेला. पोट भरलेला हाये.’’ त्याची पोरगी समारी माझ्या शाळेत तिसरीत होती. आणि बायको सुकवारो, तिचं-माझं दर साली एकदा ठरलेलं भांडण. मोह पडायला लागला की ती वर्गाच्या दारात उभी राहायची.

‘‘गुरुजी, समारीले नेऊन राहिली.’’

‘‘बाई, परीक्षा जवळ आली आहे.’’

‘‘अन् मोह? तो परीक्षेसाठी थांबते का? पंधरा दिवस पडते, मंग सालभर पाटी चाटत बसू का आमी?’’

पोरं हसायची, मी छडी आपटायचो, आणि समारी दप्तर उचलून कधीच बाहेर पडलेली असायची. दुसऱ्या दिवशी टेबलावर पळसाच्या पानात मूठभर भाजलेला मोह ठेवलेला असायचा. ही सुकवारोची माफी मागायची रीत. मी तो मोह पोरांसमोर खायचो नाही, पण खोलीवर नेऊन खायचो.

त्या गावात मोहाचे दिवस म्हणजे काय ते पाहिल्याशिवाय कळायचं नाही. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जमीन काळी करून ठेवायची. पहाटेपासून त्या काळ्यावर पिवळसर फुलं टपटपायची. उजाडताच बाया टोपल्या घेऊन निघायच्या आणि ऊन चढेपर्यंत वाकून वेचत राहायच्या. फुलं वाळवून ठेवायची, पावसाळ्यात धान संपलं की हीच उकडून खायची. एक दिवस चुकला तर फुलं रानडुकरांच्या नाही तर अस्वलांच्या पोटात.

आणि या वेचणीला एक कायदा होता, कुठल्याही पुस्तकात नसलेला. जंगलात जखमी जनावर असलं की माग काढणारा माणूस गावाच्या तोंडाशी, वाटेवर पळसाची फांदी आडवी टाकायचा आणि तिच्या बुडख्यावर दगड ठेवायचा. फांदी आहे तोवर कोणी आत पाऊल टाकायचं नाही, मोह कितीही पडो. ज्यानं टाकली त्यानंच ती उचलायची. उचलली म्हणजे वाट मोकळी. त्यावर कोणी काही विचारायचं नाही, कारण विचारणं म्हणजे त्या माणसावर संशय घेणं. मी हे ऐकलं तेव्हा समारीच्या वर्गाला ‘आपले रीतिरिवाज’ म्हणून त्यावर पाच ओळी लिहायला लावल्या होत्या.

तेरा दिवस झाले, वाघ दिसला नाही. मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. ‘‘मास्टरजी, बिना शेर के ये लोग लौट गए तो समझो अगला सीझन गया,’’ असं तो दिवसातून दहा वेळा म्हणायचा. साहेब मात्र शांत होता. त्यांना पंधराव्या दिवशी निघायचंच होतं. पुढची सगळी विमानं ठरलेली होती, नागपूरहून मुंबई आणि मुंबईहून समुद्रापार. गोंदियाहून नागपूर गाठायला मॅनेजरनं एक लहानसं विमान ठरवलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली बिरसीची धावपट्टी तेव्हा गवत वाढून पडलेली होती, तिथे ते उतरणार होतं. वैमानिक धरून चार जागा.

मडमनं सहज विचारलं, ‘‘एक जागा रिकामी आहे. नागपूरपर्यंत येतोस का?’’

माझं लहानपण तिथंच जवळ, कामठ्याकडे गेलं. लढाईच्या दिवसांत त्या बिरसीवर उतरणारी विमानं मी शेतातून मान मोडेस्तोवर पाहिली होती. त्यांत मी बसेन असं माझ्या सात पिढ्यांत कोणाला वाटलं नसतं. मग काय, उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! धोतर धुतलं, कोट उन्हात टाकला, गावात एक माणूस सांगायचा ठेवला नाही. सुटीवरच्या पोरांना गोळा करून पाटीवर ‘विमान’ लिहून घेतलं. सुकवारो विहिरीवर भेटली.

‘‘गुरुजी, वरून आमचं जंगल दिसते का, पाहजा. अन् इकून गेलं इमान तं आमी हात दाखवू.’’

‘‘इकूनच नेतो,’’ मी म्हणालो. जसं काही विमान माझ्या काकाचं होतं.

शेवटच्या दिवशी दुपारी हाका झाला. ढोल, डबे, आरडाओरड करत माणसं एका बाजूनं आली आणि मचाणासमोरून वाघ निघाला. मी साहेबाच्या मागे बसलो होतो. बंदूक वाजली, एक डरकाळी आली आणि पिवळं काहीतरी झुडपात शिरलं.  बुधराम कुऱ्हाड घेऊन एकटा पुढे गेला. बऱ्याच वेळानं आला, तो हातात एक पान घेऊन.

‘‘लागली हाये. मांगच्या पायाले,’’ तो मला म्हणाला. पानावर काळपट लाल डाग होता. ‘‘आज जमत नाही, दिवस बुडून राहिला. सायबाले सांगा, उद्या सकारी मी अन् ते जाऊ. दोन दिवस बी लागन, तीन बी लागन.’’

साहेबानं माझ्याकडे पाहिलं. ‘‘काय म्हणतो तो? नीट सांग. मी जनावर जखमी केलं असेल तर ते संपवल्याशिवाय इथून हलणार नाही. विमान गेलं तर जाऊ दे.’’

मॅनेजर काही बोलला नाही. त्यानं मला खूणही केली नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे अनेकदा मी मनातल्या मनात त्याच्या तोंडी काहीतरी घालून पाहिलं. तो जरा लांब उभा राहून नुसता सिगारेट पेटवत होता. विमान जाऊ दे, एवढंच मला ऐकू आलं होतं. दोन-तीन दिवसांनी साहेब कसाही गेला असता, रेल्वेनं गेला असता. बिरसीचं विमान मात्र उद्याच येणार होतं आणि चौथी जागा उद्याच रिकामी होती.

‘‘तो म्हणतो, गोळी हुकली,’’ मी साहेबाला सांगितलं.

‘‘आणि ते पान?’’

‘‘पळसाचं फूल चुरडलं आहे. सगळीकडे पडलं आहे ना.’’

खरोखर सगळीकडे पळस पडला होता. साहेबानं पान हातात घेतलं, पाहिलं, त्याला जवळचं कमी दिसायचं. मग बुधरामचा हात हातात घेऊन हलवला. बुधराम माझ्या तोंडाकडे पाहत होता. त्याला मी सांगितलं, साहेबाला उद्या जाणं भाग आहे, मॅनेजर जंगल खात्याला कळवतील. 

‘‘जखमी टाकून जाते? असा दिसला तं नाही म्हातारा,’’ एवढंच बुधराम म्हणाला. ‘‘मंग मीच पाहतो. फांदी टाकून देतो.’’

साहेबाची अब्रूही मी त्या एका वाक्यात घालवली होती, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही जीपनं तळ सोडला. वाट जंगलातून गावाकडे येणारी. गाव दिसायला लागलं आणि ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. वाटेवर पळसाची फांदी आडवी होती, बुडख्यावर दगड. ड्रायव्हर नागपूरचा, त्याला काय कळणार? तो उतरायला लागला, तर मीच ‘थांबा’ म्हणून उडी मारली. दगड सरकवला, फांदी ओढत कडेला नेली. ती पानांनी भरलेली होती, जड होती. जीप पुढे आली. फांदी परत टाकायला पाच पावलं मागे जायचं होतं.

‘‘काय आहे ते?’’ साहेबानं मागच्या सीटवरून विचारलं.

‘‘वाऱ्यानं पडलेली फांदी,’’ मी म्हणालो आणि आत बसलो.

वाऱ्यानं पडलेली फांदी कोणी परत वाटेवर ओढून ठेवत नाही. ठेवली असती तर साहेबानं कारण विचारलं असतं, आणि कारण सांगितलं असतं तर जीप तिथेच वळली असती. मी मनाला समजावलं की बुधराम इथेच कुठे असेल, तो पाहील. तो नव्हता. दोन माणसं घेऊन तो नाल्याच्या अंगानं आधीच आत गेला होता. गावातून धूर वर यायला लागला होता. बाया उठल्या होत्या.

खोटं कशाला सांगू, विमानात मला फार आनंद झाला. इतका आनंद त्याआधी कधी झाला नव्हता आणि नंतरही झाला नाही. लग्नात नाही, मुलं झाली तेव्हा नाही. चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा पोटात खड्डा पडला आणि मी मोठ्यानं हसलो. मडमही हसली. खाली बांधांची जाळी, तळी चकाकत होती, मधेमधे पळसाचा लाल शेंदूर सांडलेला. तिला नवेगावचं तळं वरून पाहायचं होतं म्हणून वैमानिकानं दक्षिणेला वळवलं. तळं पाहून झाल्यावर ती म्हणाली, ‘‘तुझं गाव कुठे?’’

मी बोट दाखवलं. वैमानिक खूशमिजास होता, त्यानं विमान अगदी खाली नेलं. झाडांखालची ती जाळलेली काळी वर्तुळं दिसली. प्रत्येक वर्तुळात ठिपके होते. ठिपके उभे राहिले. मडम काचेला नाक लावून हात हलवायला लागली. ‘‘बघा, त्या आपल्याला हात करताहेत!’’

ठिपके जंगलात होते. जिथे असायला नको होते तिथे होते. मला ते कळलं, त्याच क्षणी कळलं, आणि मी काचेपासून मागे सरकलो. मी बोललो असतो तर वैमानिकानं काय केलं असतं? विमान थोडंच मोहाखाली उतरतं? पण मी तोंड उघडलं नाही हे खरं आहे. साहेबानं विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हणालो, पहिल्यांदाच बसलो ना.

नागपुरात दोन दिवस मावसभावाकडे राहिलो आणि विमानाच्या कथा सांगितल्या. सांगता सांगता माझा विश्वास बसत गेला की काही झालं नसेल. माणूस स्वतःला किती सहज फसवतो! अर्जुनीला रेल्वेतून उतरलो, बैलगाडी केली, तर गाडीवानानं माझ्याकडे वळून न पाहताच सांगितलं, ‘‘सुकवारो गेली गुरुजी. मोह वेचता वेचता.’’

तिच्या शेजारच्या झाडाखाली म्हातारी झिंगाबाई होती. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, मलाही सांगितलं. ‘‘इमान आलं. आमी समद्या वर पाहून राहिल्या होतो. सुकवारोनं टोपली ठेवली अन् दोनी हात हालवून राहिली, ‘आपले गुरुजी हायेत, आपले गुरुजी हायेत’ म्हने. तेवढ्या आवाजानं ते झुडपातून उठलं.’’ झिंगाबाई पुढेही बोलत होती. मला पुढचं ऐकू आलं नाही.

जंगल खात्याच्या माणसांनी वाघ मारला, बुधरामनंच माग काढून दिला. मागच्या पायात गोळी निघाली. तेव्हा गावानं बुधरामला धरलं. फांदी तू टाकली, मग उचलली कोणी? ‘‘म्या नाही उचलली,’’ तो एकदाच म्हणाला. लोक म्हणाले, फांदीले का पाय फुटले? काहींनी म्हटलं, कंपनीच्या बिदागीसाठी त्यानं जखमी जनावर लपवलं. ज्याची बायको गेली त्यालाच गावानं तिच्या मरणाचा धनी केला. त्याला मागाला कोणी बोलवेना, पंगतीत त्याच्या बाजूला कोणी बसेना. मी मूग गिळून शाळा चालवत राहिलो. समारी रोज येत होती, एक दिवस चुकली नाही. मी तिच्याकडे पाठ करून फळ्यावर लिहायचो.

धान निघाल्यावर साहेबाचं पत्र आलं. सोबत विमानातून काढलेला एक फोटो होता, जंगलाचा. त्यानं लिहिलं होतं : त्या संध्याकाळी नेम चुकला याचं मला आता बरंच वाटतं. या वयात एक जीव माझ्या हातून वाचला. तुझ्या त्या माग काढणाऱ्या मित्राला माझा नमस्कार सांग.

पत्राला मी उत्तर लिहिलं नाही. पण नमस्कार सांगायचा राहिला होता. तो महिना, दीड महिना माझ्या छातीवर बसून होता. पळसाला कळ्या दिसू लागल्या तसा एका दुपारी मी बुधरामच्या अंगणात गेलो. तो दोर वळत होता. मी सगळं सांगितलं : पान, पळसाचं फूल, फांदी, विमान. थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

‘‘मालूम हाये,’’ तो म्हणाला.

‘‘काय?’’

‘‘फांदी घासत नेल्याची रेघ होती धुळीत. बाजूले तुमच्या बुटाचा ठसा. त्याच दिवशी पाह्यला म्या.’’

‘‘मग बोलला काऊन नाहीस? गाव तुझ्या तोंडावर थुंकून राहिलं आहे!’’ माझ्या तोंडून त्याचीच बोली निघाली.

त्यानं दोराला पीळ दिला. ‘‘तुमचं नाव घेतलं असतं तं लोकाइनं तुमाले ठेवलं नसतं. साळा बंद पडली असती. समारी चवथीत जानार होती. तिच्या मायले लिहिता येत नव्हतं.’’ मग पुढचा पीळ देत, ‘‘अन् तुमी सांगाल, असं वाटत होतं मले. उशीर लावला तुमी.’’

मी त्याच्या पाया पडायला वाकलो तर तो उठून बाजूला झाला. म्हणाला, ‘‘मले नका सांगू. तेरा बाया गेल्या होत्या त्या दिवशी. गावाले सांगा.’’

गाव जमलं, मी सांगितलं. शिव्या खाल्ल्या, त्या सोप्या गेल्या. गावचा म्हातारा पंच सगळं होईपर्यंत विडी ओढत बसला होता. शेवटी त्यानं निकाल दिला. मला वाटलं होतं दंड सांगेल, गाव सोडायला सांगेल. तो म्हणाला, ‘‘ज्यानं वाट खोलली, त्यानं समोर चालावं. मोह सरेपर्यंत. दरसाली.’’

म्हणून पुढचे दोन मोसम मी चाललो. उजाडायच्या सुमाराला, हातात काठी, ती डब्यावर वाजवत, सगळ्यांच्या पुढे. मागे टोपल्या घेतलेल्या बाया, त्यांत सुकवारोच्या जागी समारी. वाळलेला पाचोळा पायाखाली वाजायचा आणि प्रत्येक आवाजाला मी डबा दुप्पट जोरानं वाजवायचो. पहिल्या वर्षी माझ्याशी कोणी बोललं नाही. दुसऱ्या वर्षी झिंगाबाई मागून ओरडली, ‘‘गुरुजी, जरा हळू चाला, आमी म्हाताऱ्या हाओत,’’ आणि दोघी-तिघी हसल्या. ते हसणं ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला. बुधरामला लोक पुन्हा मागाला बोलवायला लागले होते. एवढं एक काम माझ्या हातून नीट झालं.

नातू सांगतो, पाहुण्यांना सगळ्यात पुढची सीट हवी असते, उघड्या गाडीत, काच नको, काही नको. म्हणजे भीतीची मजा येते. मला त्याला सांगावंसं वाटतं की बाबा, पुढे चालताना मजा येत नाही. पुढे चालणाऱ्याच्या पुढे कोणीच नसतं. मी नाही सांगत. त्याचं पोट त्यावर चालतं, आणि सांगायला बसलो तर कुठून सांगणार? फांदीपासून की चौथ्या जागेपासून?

तिसऱ्या मोसमाच्या तोंडावर माझी बदली झाली. झाली म्हणजे मी करून घेतली. प्रकृतीच्या कारणास्तव, असं अर्जात लिहिलं होतं. प्रकृतीला काही झालं नव्हतं. आदल्या मोसमात एका सकाळी नाल्याच्या वाळूत ताजा पंजा दिसला होता, त्यात अजून पाणी पाझरत होतं. त्या दिवशी मी चाललो, पण घरी येऊन अर्ज लिहिला.

केशोरीहून बस होती. बुधराम माझी ट्रंक खांद्यावर घेऊन तिथपर्यंत आला, मी नको म्हणत असताना आला. ट्रंक बसच्या टपावर चढवली, दोरानं बांधली, गाठ ओढून पाहिली. खाली उतरून हात झटकले.

‘‘येत्या आठोड्यात मोह पडन,’’ तो म्हणाला. ‘‘समोर कोन चालन?’’

‘‘नवा मास्तर येतो आहे. तरुण आहे,’’ मी म्हणालो.

‘‘त्यानं कायले? त्यानं थोडी उचलली होती फांदी.’’

तो रागावलेला नव्हता. खरंच विचारत होता, आणि उत्तराची वाट पाहत उभा होता. कंडक्टरनं घंटी मारली. मी बसमध्ये चढलो.